गंजलेला पाना, आखडलेला खांदा आणि ‘वंगण संपलं’ ही समजूत

“डॉक्टरसाहेब, सांध्यातलं वंगण संपलंय का?”

परभणीत दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हा प्रश्न आठवड्यातून दोन-चारदा तरी ऐकावा लागतो. गुडघा दुखला की वंगण संपलं, खांदा वर जाईना की वंगण संपलं, बोट अडकलं की वंगण संपलं. विचारणारा बहुतेक वेळा शेतकरी असतो. इंजिन, मोटार, पाईपलाईन यांच्याशी त्याचा रोजचा संबंध असतो, त्यामुळे शरीराचाही विचार तो यंत्रासारखा करतो. त्यात चूक काही नाही. मात्र या तुलनेतला काही भाग खरा आहे आणि काही भाग माणसाचं नुकसान करणारा आहे. तो फरक सांगण्यासाठी आज एका जुन्या पाईप पान्याची गोष्ट सांगतो.

हा पाना आमच्या शेतातल्या आखाड्यावरचा. विहिरीवर तेलाचं इंजिन होतं तेव्हापासूनचा, अठरा इंची, चांगला वजनदार. विहिरीत बोअर घेतलं, मोटार आली, आणि हा पाना कोपऱ्यात पडून राहिला. गेल्या पावसाळ्यानंतर आखाडा आवरताना तो हाताला लागला. जबडा अर्ध्यावर उघडा आणि चक्री जागच्या जागी घट्ट. दोन्ही हातांनी जोर लावला तरी केसभरही हलेना.

पाना अडकतो म्हणजे नक्की काय होतं?

पाईप पान्याचं मूळ डिझाईन अमेरिकेतल्या डॅनियल स्टिलसन यांचं. त्याचं पेटंट १८६९ सालचं आहे, आणि आजही रचना जवळपास तीच आहे. खालचा जबडा दांड्याला पक्का असतो. वरचा जबडा आकड्यासारखा वाकलेला, आणि त्याच्या दांडीवर आटे असतात. ही दांडी एका चौकटीतून जाते. चौकटीच्या खिडकीत खरखरीत कडांची चक्री बसवलेली असते. चक्री फिरवली की जबडा वरखाली होतो. आत स्प्रिंग असते, तिच्यामुळे वरचा जबडा थोडा डुलता राहतो. हे डुलणं महत्त्वाचं आहे. दांडा ओढला की जबडा किंचित तिरपा होतो, दात पाईपमध्ये रुततात आणि जितकं जास्त ओढाल तितकी पकड घट्ट होते.

म्हणजे पाना चालायला दोन गोष्टी लागतात: चक्री फिरली पाहिजे आणि जबडा डुलला पाहिजे. माझ्या पान्यात दोन्ही बंद होतं.

कारण उघड होतं. आपली काळी माती ओल धरून ठेवते, ओली झाली की फुगते. तीच माती आट्यांत भरून बसली होती. लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही मिळालं की गंज चढतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही जास्त असतं. उघड्यावर गंज चढला तर तो पापुद्र्यासारखा सुटून पडतो. पण चक्री आणि आटे यांच्यातल्या कागदाएवढ्या फटीत तो फुगला की त्याला जायला जागा नसते. मग तो पाचरीसारखा दोन्ही बाजूंना दाबून धरतो. वंगण संपणं ही सुरुवात असेल, पण अडकवणारी वस्तू म्हणजे आत तयार झालेला गंज.

सोडवायचा कसा?

माझ्या ओळखीच्या एका मोटार काढणाऱ्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, “साहेब, जोर लावू नका, वेळ लावा.” मी तसंच केलं.

पहिल्या दिवशी फक्त बघितलं. दांडी वाकलेली आहे का, स्प्रिंग तुटली आहे का, चक्रीला तडा आहे का. दांडी वाकलेली असती तर कितीही तेल ओतून काही झालं नसतं. इथे तसं काही दिसलं नाही. मग तारेच्या ब्रशने आणि बारीक खिळ्याने आट्यांतली माती कोरून काढली. माती तशीच ठेवून तेल ओतलं तर तेल माती पिते, आत काही पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी पान्याचं डोकं घमेल्यात डिझेलमध्ये बुडवून ठेवलं. पूर्वी यासाठी रेशनचं निळं रॉकेल वापरायचे. रॉकेल आणि डिझेल पातळ असतात, त्यामुळे घट्ट ग्रीस जिथे शिरणार नाही अशा फटीत ते आपोआप ओढले जातात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. पण त्याला वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी बाहेर काढून, पुसून, चक्रीभोवती लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके दिले. हे ठोके चक्री फिरवण्यासाठी नव्हते. कंपनाने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आणखी आत जातं. मग पुन्हा डिझेलमध्ये.

चौथ्या दिवशी डिझेल पूर्ण पुसून काढलं आणि डोक्यावर उकळतं पाणी ओतलं. पोलाद एक अंशाने तापलं की स्वतःच्या लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांशाने वाढतं. २५ मिलिमीटरची चक्री ७० अंशांनी तापली तर जेमतेम ०.०२ मिलिमीटर वाढेल. एवढंच, पण फटही तेवढीच असते. तापणं आणि निवणं असं तीन-चार वेळा झालं की गंजाची पकड सैल होते. पाणी वाळवून लगेच यंत्राचं पातळ तेल सोडलं. गॅसची ज्योत मी मुद्दाम वापरली नाही. ज्योतीने स्प्रिंगचं आणि दातांचं पाणी उतरतं, आणि डिझेल लागलेल्या वस्तूजवळ ज्योत नेणं हा वेडेपणा आहे.

सहाव्या दिवशी चक्री किंचित हलली. इथेच बहुतेक लोक घाई करतात. हलली की पूर्ण जोराने एकाच दिशेला फिरवतात, आणि सुटलेला गंज पुढच्या आट्यात जाऊन पुन्हा अडकतो. म्हणून केसभर पुढे, केसभर मागे. तेल. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तांबडा-काळा गाळ बाहेर येत राहिला. आठव्या दिवशी जबडा पूर्ण उघडला आणि डुलायलाही लागला.

आता तुमचा खांदा

त्याच सुमारास दवाखान्यात एक मावशी आल्या. पन्नाशीच्या, कापूस वेचायला जाणाऱ्या. उजवा हात तीन महिन्यांपासून वर जाईना. आधी रात्री ठणका, त्या कुशीवर झोपता येईना. मग ठणका थोडा कमी झाला, पण हात जखडला. वेणी घालता येत नव्हती, पदर मागून ओढून घेता येत नव्हता. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे अर्ध्या हाताचं काम म्हणजे अर्धी कमाई. गावातल्या एकाने सांगितलं होतं, “एक झटका दिला की मोकळा होईल.” येत्या रविवारी त्याच्याकडे जायचं ठरलं होतं. त्याआधी गोळी मागायला त्या आल्या होत्या.

मी त्यांचा हात स्वतः हलवून पाहिला. कोपर कुशीला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवायला गेलो, तर माझ्या हातानेही तो वळेना. हाच या आजाराचा मुख्य पुरावा. स्नायू किंवा त्याची दोरी फाटली असेल तर रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण डॉक्टरला बऱ्याचदा तो उचलता येतो. खांदा आखडला असेल तर कुणालाच हलवता येत नाही. एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो, मावशींचाही आला. तो काढायचा तो दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी. त्यांच्या रक्तातली साखर मात्र २८० निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

वंगण संपलेलं नसतं

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, लवचीक पिशवी असते. हात पूर्ण वर नेता यावा म्हणून ती खालच्या बाजूला सैल, चुण्या पडलेली असते. खांदा आखडतो तेव्हा या पिशवीला सूज येते, ती जाड होते आणि आकसते. चुण्या नाहीशा होतात. आत द्रव असतोच, पण पिशवीच लहान झालेली असते. शर्ट आटला की हात वर केल्यावर काखेत ताणतो, तसं.

इथे पाना आणि खांदा यांच्या वाटा वेगळ्या होतात. पान्यावर ओतलेलं तेल फटीतून आत जातं. खांद्यावर चोळलेलं तेल आत जात नाही. कातडी, चरबी आणि स्नायू यांच्या खाली ती पिशवी आहे. मालिशने स्नायू सैल होतात, बरं वाटतं, म्हणून हलकी मालिश करायला माझी हरकत नाही. पण कुठलंही तेल सांध्यात उतरून ‘वंगण’ होत नाही, मग ते कितीही महाग असो.

आणि झटका? अडकलेल्या पान्याला नळकांडं लावून जोर दिला तर फार तर चक्री फुटते. नवी मिळते. आखडलेल्या खांद्याला झटका दिला तर दंडाचं हाड मोडू शकतं, स्नायूची दोरी फाटू शकते, नस ताणली जाऊ शकते. काही निवडक रुग्णांत अस्थिरोगतज्ज्ञ भूल देऊन खांदा मोकळा करतात, पण ते शस्त्रक्रियागृहात, हाडांची स्थिती तपासून. बाजेवर बसवून दिलेला झटका म्हणजे ते नव्हे. मावशींना मी हेच सांगितलं. रविवारी त्या तिकडे गेल्या नाहीत.

हे कुणाला होतं, किती दिवस राहतं?

साधारण ४० ते ६० वयात, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. मधुमेह असलेल्यांत बरंच जास्त. थायरॉईडचा त्रास असलेल्यांत आणि हात मोडून काही आठवडे गळ्यात बांधलेल्यांतही दिसतं. पहिले काही महिने दुखण्याचे, मग जखडण्याचे, मग हळूहळू सुटण्याचे. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. बहुतेकांचा हात पुष्कळसा मोकळा होतो, काहींत थोडा ताठरपणा उरतो.

मधुमेहात असं का होतं? रक्तात साखर दीर्घकाळ जास्त राहिली की ती शरीरातल्या कोलॅजेन या धाग्यासारख्या प्रथिनाला चिकटते. धाग्याधाग्यांत गाठी पडल्यासारखं होतं आणि लवचीकपणा जातो. खांद्यात झालं की खांदा आखडतो. बोटांच्या दोरीला जाड गाठ आली की बोट वाकतं आणि खटकन सुटतं. अडलेल्या चक्रीशी याचं साम्य सगळ्यात जवळचं.

घरी एक साधी चाचणी करून पाहा. देवाला करतो तसा नमस्कार करा. दोन्ही तळवे आणि सगळी बोटं पूर्ण टेकली पाहिजेत. मध्ये फट राहत असेल आणि दाबूनही जात नसेल, तर साखर तपासून घ्या. मधुमेह आधीच माहीत असेल तर तो किती आटोक्यात आहे, हे पाहण्यासाठी एचबीए१सी करून घ्या.

उपाय: वेळ, शेक, थोडं पुढे, थोडं मागे

मिस्त्रींचं वाक्य इथे मात्र तंतोतंत लागू पडतं.

आधी दहा मिनिटं कोमट शेक. मधुमेहामुळे हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर शेक किती गरम आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावं. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

मग व्यायाम. चांगला हात टेबलावर टेकून कमरेत वाका, दुखरा हात सैल सोडा आणि लंबकासारखा हलवा. आधी मागे-पुढे, मग लहान गोल. दुसरा: भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढा. काल जिथे पोचलात तिथे खडूने खूण करा. तिसरा: कोपर कुशीला ठेवून दोन्ही हातांत आडवी काठी धरा आणि चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा बाहेर न्या. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा.

ताण जाणवला तर चालेल. व्यायामानंतर अर्ध्या तासाहून जास्त ठणकत राहिलं किंवा रात्रीची झोप मोडली, तर उद्या थोडं कमी करा. बंद मात्र करू नका. हात गळ्यात बांधून ठेवणं हा यावरचा उपाय नाही, त्याने खांदा आणखी जखडतो.

सुरुवातीच्या दुखऱ्या काळात सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन दिलं तर ठणका कमी होतो आणि व्यायाम करता येतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा आणि साखर तपासत राहा. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाऊ नका. मूत्रपिंडावर आणि जठरावर त्याचा परिणाम होतो.

मावशींची साखर औषधांनी आणि खाण्यातल्या बदलांनी दोन-अडीच महिन्यांत बरीच खाली आली. व्यायाम त्यांनी घराच्या भिंतीवर खुणा करून केला. पाचव्या महिन्यात त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली. हात अजून पूर्ण वर जात नाही, पण वेचणीला जातात.

एक सावधगिरी. डावा खांदा किंवा हात अचानक दुखायला लागला, सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर तो आखडलेला खांदा समजू नका. शेक देत बसू नका. तो हृदयविकार असू शकतो, ताबडतोब रुग्णालय गाठा.

जुनी अवजारं सोडवताना

पान्याची गोष्ट वाचून कुणी घरातलं जुनं अवजार काढून बसेल, म्हणून चार गोष्टी सांगतो. दवाखान्यात या अपघातांचे रुग्ण मी पाहतो.

डोळे: लोखंडावर लोखंड आपटलं की बारीक कपची उडते. साधा चष्मा असला तरी वरून संरक्षक चष्मा लावा. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, रुमालाच्या टोकाने काढू नका. कपची आत घुसल्याची शंका असेल तर डोळा दाबू नका, धुऊ नका, थेंब घालू नका. वरून कागदी कप हलका चिकटवून थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर डोळ्यात लोखंड गेलं होतं हे आवर्जून सांगा.

रॉकेल-डिझेल: पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. लहान मूल तहानेने तोंडाला लावतं. प्यायलं तर उलटी करवू नका, मीठपाणी किंवा दूध पाजू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं आणि खरा धोका तिथे असतो. मूल बरं दिसत असलं तरी रुग्णालयात न्या, काही तास लक्ष ठेवावं लागतं. हात धुवायलाही डिझेल वापरू नका, कातडी फाटते. साबण पुरे.

जीआय पाईप तापवणं: त्यावर जस्ताचा थर असतो. बंद खोलीत तो तापवला की निघणारा धूर छातीत जातो आणि काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. मलेरियासारखा वाटतो, एक-दोन दिवसांत उतरतो. वेल्डिंग करणाऱ्यांनी मोकळ्या हवेत काम करावं आणि ताप आला तर आपलं काम डॉक्टरांना सांगावं. श्वास लागत असेल तर थांबू नका.

धनुर्वात: गंजामुळे धनुर्वात होतो ही समजूत अर्धवट आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही, तिथे ते वाढतात. म्हणून स्वच्छ पण गंजलेल्या खिळ्यापेक्षा गोठ्यातला न गंजलेला काटा जास्त धोक्याचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, असं सांगतात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तोच नांगर गावोगाव गेला. लोखंडावरचा तो संशय धनुर्वाताच्या बाबतीत अजून उरला आहे, आणि मातीकडे मात्र दुर्लक्ष होतं. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. लसीकरण पूर्ण झालेलं असेल तर प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन लागत नाही. स्वच्छ, लहान जखमेसाठी शेवटच्या डोसला दहा वर्षं झाली असतील तर, आणि माती-शेण लागलेल्या खोल जखमेसाठी पाच वर्षं झाली असतील तर डोस घ्यावा. लहानपणी लस घेतली की नाही हेच माहीत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, तुमचे उपचार वेगळे असतील. भारतातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केलं, ते लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. पन्नाशी-साठीतल्या शेतकऱ्यांपैकी मात्र अनेकांची लस अपुरी असते.

अवजार वापरून झालं की माती झाडा, कोरडं पुसा, आट्यांवर तेलाचा थेंब सोडा, जमिनीवर न टाकता खुंटीला लटकवा आणि महिन्यातून एकदा चक्री पूर्ण फिरवा. खांद्याला तेल नको. रोज आंघोळीनंतर दोन्ही हात एकदा पूर्ण वर न्या, एकदा पाठीमागे न्या. पंधरा दिवसांपूर्वी जिथपर्यंत जात होते तिथपर्यंत जाईनासे झाले, तर तेव्हाच दाखवायला या, तीन महिने थांबू नका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधं आणि व्यायाम आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावेत.)